शेततळ्यातले चार दिवे : प्रकल्प नोंदी

३ नोव्हेंबर २०२४, भाऊबीज

अक्का दुपारी भाच्याला घेऊन आली. ओवाळून झालं, जेवणं झाली आणि भाचा ओसरीवर वही उघडून बसला. मुंबईला बी. एस्सी. नॉटिकल सायन्सच्या पहिल्या वर्षाला आहे तो. सुट्टी संपली की तोंडी परीक्षा. वहीत बोयांचा तक्ता होता. बोया म्हणजे जहाजांच्या वाटेवर साखळीनं बांधून ठेवलेली तरंगती खूण. रात्री तिच्या डोक्यावर दिवा लागतो आणि हा बोया कोणता, हे त्या दिव्याच्या चमकण्यावरून ओळखायचं असतं.

"पाठ आहे सगळं, मामा," तो म्हणाला. "पण सर खोलीत अंधार करून टॉर्च चमकवतात आणि विचारतात, हा कोणता? तिथं माझं मोजणं चुकतं."

माझं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. मोटार जळून आली की नवी पोरं पाठ केलेली कारणं सांगतात. मी आधी वास घेतो. याचंही तसंच आहे असं वाटलं. त्याला तक्ता पुन्हा वाचायची गरज नाही, रात्रीच्या पाण्यावर दिवा बघायची गरज आहे. समुद्र इथून एका रात्रीच्या बसवर, पण शेततळं आपल्या रानात आहे आणि यंदा काठोकाठ भरलंय.

ठरलं. चार दिवे करायचे, सेकंदाला सेकंद जुळवून. अमावास्या होऊन दोनच दिवस झालेत. आठवडाभर बरा अंधार मिळेल, पुढं चांदणं वाढत जाईल.

४ नोव्हेंबर

दिवसभर भाच्याकडून शिकलो. जेवढं पक्कं समजलं तेवढंच लिहितो.

बंदरात शिरताना वाटेच्या दोन्ही बाजूंना लाल आणि हिरवे बोये असतात. आपल्याकडे समुद्रातून आत येताना लाल डाव्या हाताला, हिरवा उजव्या हाताला. अमेरिका खंड, जपान, कोरिया आणि फिलिपिन्सकडे नेमकं उलट. जग दोन विभागांत वाटलंय, अ आणि ब, आणि भारत अ मध्ये आहे.

आपण करणार आहोत ते वेगळे. त्यांना दिशादर्शक बोये म्हणू. पाण्याखाली खडक किंवा उथळ भाग असला की त्याच्या चार दिशांपैकी एका दिशेला, किंवा गरजेप्रमाणे जास्त दिशांना, ते लावतात. चौघांचाही दिवा पांढराच असतो. दिवसा अंगावरचे काळे-पिवळे पट्टे आणि डोक्यावरचे दोन काळे शंकू बघून ओळखता येतात, रात्री मात्र फक्त चमक उरते. ती घड्याळावर बसवलेली आहे:

पूर्वेला घड्याळात ३ असतात, म्हणून तीन चमका. दक्षिणेला ६, म्हणून सहा चमका आणि मागोमाग एक लांब चमक. पश्चिमेला ९, म्हणून नऊ. उत्तरेचा दिवा न थांबता चमकत राहतो.

चमकण्याचे वेग दोन. मिनिटाला साधारण ५० ते ६० चमका म्हणजे जलद, १०० ते १२० म्हणजे अतिजलद. जलद पद्धतीत पूर्वेचं चक्र १० सेकंदांचं, दक्षिण आणि पश्चिमेचं १५ सेकंदांचं. अतिजलद पद्धतीत पूर्वेचं ५, बाकी दोघांचं १०. चक्र म्हणजे पहिल्या चमकेपासून पुढच्या फेरीच्या पहिल्या चमकेपर्यंतचा वेळ, मधला अंधार धरून. हा अंधार धरायचा असतो हे मला आधी उमगलंच नव्हतं. मी नुसता उजेड मोजत होतो.

आम्ही जलद पद्धत घेतली. एका सेकंदाला एक चमक.

५ नोव्हेंबर

दुकान बंद ठेवून दिवसभर हेच केलं. फवारणीच्या औषधाचे पाच लिटरचे कॅन घरात नकोत म्हणून खाद्यतेलाचे चार कॅन आणले, गरम पाणी आणि सोड्यानं धुतले. प्रत्येक कॅनच्या तोंडात दीड फूट पीव्हीसी पाइप बसवला आणि वरच्या टोकाला लोणच्याच्या पारदर्शक बरणीचं झाकण उलटं लावलं. आत पांढरा एलईडी, २२० ओहमचा रेझिस्टर, अर्डुइनो नॅनो (प्रोग्राम घालता येतो असा छोटा सर्किट बोर्ड) आणि जुन्या लॅपटॉपच्या बॅटरीतून काढलेला सेल. कॅनच्या बुडाला खालून सळईचा तुकडा लोंबता बांधला, म्हणजे बोया उभा राहील.

प्रोग्राम भाच्यानं लिहिला. दक्षिणेचा असा: अर्धा सेकंद उजेड, अर्धा सेकंद अंधार, असं सहा वेळा. मग दोन सेकंद उजेड. मग सात सेकंद अंधार. बेरीज पंधरा. लांब चमक दोन सेकंदांहून कमी चालत नाही. ती कशाला, असं विचारलं तर म्हणाला, लाटांमुळे एखाददुसरी चमक हुकते. सहाच्या पाच मोजल्या काय अन् सात मोजल्या काय, शेपूट दिसलं की दक्षिण. तीन आणि नऊ यांच्याशी तिची गल्लत होऊ नये म्हणून तो पक्का बंदोबस्त आहे.

ज्यानं हे ठरवलं त्याला मोजताना माणूस चुकतो हे ठाऊक होतं. मला हे फार आवडलं.

६ नोव्हेंबर

संध्याकाळी बोये पाण्यात सोडले. नांगर म्हणून आधी दगड बांधणार होतो, पण शेततळ्याचा कागद ५०० मायक्रॉनचा असला तरी दगडाच्या कोरेनं फाटतो. मग युरियाच्या रिकाम्या गोण्यांत वाळू भरून तोंडं शिवली. कागदावर पाय ठरत नाही आणि आत घसरलेला माणूस स्वतःहून वर येत नाही, म्हणून दोघांच्याही कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या खुंटीला. अक्का काठावर हवा भरलेली ट्रॅक्टरची ट्यूब घेऊन उभी होती. तिनं आम्हाला पाण्याच्या जवळ एकट्यानं एकदाही जाऊ दिलं नाही आणि तेच बरोबर होतं.

मधोमध एक तांबडी बादली पालथी तरंगत ठेवली, तो आमचा खडक.

इथं माझी चूक झाली. मी उत्तरेचा दिवा बादलीच्या दक्षिणेला सोडला. माझं गणित असं की दिवा सांगतोय, "खडक उत्तरेला आहे." भाचा काठावरूनच ओरडला, "मामा, उलटं! दिव्याचं नाव म्हणजे सुरक्षित पाण्याची बाजू. उत्तरेचा बोया खडकाच्या उत्तरेला असतो आणि आपण त्याच्याही उत्तरेनं जायचं."

म्हणजे ही खूण धोका कुठं आहे ते सांगत नाही, वाट कुठं आहे ते सांगते. माझ्या समजुतीनं होडी हाकली असती तर दिवा आणि खडक यांच्या मधूनच नेली असती. बोया ओढून परत जागेवर लावला.

रात्री आठ वाजता चारही दिवे पाण्यावर लागले. दोन बोये वाऱ्यानं कलत होते. खालचा सळईचा तुकडा आखूड पडला. उद्या बदलू.

७ नोव्हेंबर

सळया बदलल्या. आता सरळ उभे राहतात. दुकानात चार मोटारी आल्या होत्या, रात्री बसायला वेळ नाही मिळाला.

८ नोव्हेंबर

आज खरी परीक्षा घेतली. भाच्याला डोळ्यांवर रुमाल बांधून बांधावर नेलं. मी एका वेळी एकच दिवा चालू ठेवायचा, बाकी तिन्हींवर डबे पालथे. रुमाल काढायचा आणि त्यानं सांगायचं.

पूर्व बरोबर. उत्तर बरोबर. पश्चिमेला अडला. "आठ," म्हणाला. मग "सात." मग गप्प.

माय खाटेवर बसून बघत होती. ती म्हणाली, "लेकरा, तू मधूनच मोजायलास."

खरंच. रुमाल निघाला की त्याच क्षणी तो मोजायला लागत होता आणि दिवा तर कधीचाच सुरू असतो. कधी दुसरी चमक चालू असते, कधी चौथी.

"भजनाला उशिरा गेलं तर मधूनच टाळ धरत नाहीत," माय म्हणाली. "धृपद येईस्तोवर थांबायचं. ते आलं की मग धरायचं."

इथं धृपद म्हणजे तो लांब अंधार. दिवा दिसला की मोजायचंच नाही. गप्प बघत राहायचं. लांब अंधार आला की तयार व्हायचं आणि त्याच्यानंतरच्या पहिल्या चमकेला "एक" म्हणायचं. एक फेरी मोजून झाली की दुसरी फेरी घड्याळावर लावून बघायची. नऊ चमका आणि पंधरा सेकंद, दोन्ही जुळलं तरच पश्चिम म्हणायचं. भाचा म्हणाला, जहाजावरही स्टॉपवॉच हातात असतं आणि तीन-तीन फेऱ्या तपासतात. पुस्तकात ते होतं, त्यानं वाचलंही होतं.

त्यानंतर वीस वेळा दाखवलं, एकोणीस वेळा बरोबर. मायनं वीसच्या वीस सांगितले. ती आकडे मोजतच नाही, म्हणते लय कानात बसली. दक्षिणेचा दिवा तिनं "सहा टिचक्या आन् एक हुंदका" असा ओळखला. भाच्यानं वहीत तक्त्यापुढं तेच लिहून घेतलं.

९ नोव्हेंबर

या आठवड्यात आमच्या डीपीवर, म्हणजे रानातल्या ट्रान्सफॉर्मरवर, रात्रीची लाईट आहे. हरभऱ्यासाठी रान भिजवायचं म्हणून रात्री अकराला मोटार चालू केली आणि दारं धरायला, म्हणजे सरीसरीत पाणी वळवायला, दोघं गेलो. पाणी एका सरीतून दुसऱ्या सरीत जायला वेळ लागतो. तेवढ्यात भाच्यानं हे सगळं एका नियमात कसं आलं ते सांगितलं.

आधी जगभर तीसहून जास्त पद्धती होत्या. एका देशात जो रंग डावीकडचा, तोच दुसरीकडे बुडालेल्या जहाजाचा. १९७१ च्या जानेवारीत इंग्लंड आणि फ्रान्सच्या मधल्या डोव्हरच्या सामुद्रधुनीत 'टेक्साको कॅरिबियन' नावाचं तेलवाहू जहाज दुसऱ्या जहाजाशी धडकून बुडालं. दुसऱ्याच दिवशी 'ब्रॅंडेनबर्ग' हे मालवाहू जहाज त्या बुडालेल्या सांगाड्यावर आदळून गेलं. तिथं दिवे आणि खुणा लावल्या. तरी फेब्रुवारीच्या शेवटी 'निकी' नावाचं तिसरं जहाज तिथंच गेलं आणि त्यावरचं कुणीच वाचलं नाही. तिन्ही मिळून ५१ माणसं.

दिवे होते. बघणाऱ्याला ते काय म्हणतात हे कळलं नाही. पुढं १९७६ मध्ये नव्या पद्धतीचा अर्धा भाग तयार झाला आणि १९८० साली टोकियोच्या परिषदेत सगळ्यांनी एकच नियमावली मान्य केली, दोन विभागांसह. आयएएलए नावाची जी संस्था हे काम बघते ती १९५७ पासूनची. याच वर्षी ऑगस्टमध्ये तिला देशादेशांच्या करारानं चालणाऱ्या संघटनेचा दर्जा मिळाला.

नुकत्याच बुडालेल्या जहाजासाठी आता वेगळाच बोया आहे. निळे-पिवळे उभे पट्टे, आणि दिवाही एकदा निळा, एकदा पिवळा. एक सेकंद निळा, अर्धा सेकंद अंधार, एक सेकंद पिवळा, अर्धा सेकंद अंधार. २००२ च्या डिसेंबरात 'ट्रायकलर' हे मोटारी नेणारं जहाज बुडालं आणि त्याच्यावरही दुसरी जहाजं जाऊन आदळली, तेव्हा ही खूण आली. आमच्या स्टार्टरच्या पेटीवर लाल, पिवळा, निळा असे तीन फेजचे दिवे आहेत. लाल फेज गेली की पिवळा-निळाच उरतो आणि मोटार जळते. भाच्याला ते दाखवलं. तो म्हणाला, हे आता जन्मात विसरणार नाही.

बोलत बोलत बांधावरून पुढं चालत होता. मी त्याचा दंड धरून मागं ओढला. चार पावलांवर जुनी विहीर होती. कठडा दोन वर्षांपूर्वी ढासळला, बांधू बांधू म्हणत राहिलाय. काठावर गुडघ्याएवढं गवत. बॅटरीचा उजेड गवतावर पडतो आणि खालचा अंधार दिसतच नाही. शेजारच्या गावात मागच्या हिवाळ्यात एक माणूस असाच दारं धरताना गेला.

दोघंही बराच वेळ बोललो नाही. पाणी सरीबाहेर गेलं तरी भान नव्हतं.

११ नोव्हेंबर

दिवे संध्याकाळी आपोआप लागावेत आणि सकाळी बंद व्हावेत म्हणून प्रत्येकात एलडीआर बसवला. उजेड पडला की त्याचा रेझिस्टन्स कमी होतो, अंधारात वाढतो.

ही कल्पना फार जुनी आहे. स्वीडनच्या गुस्ताफ डालेननं १९०७ साली वीज नसताना हेच केलं होतं. तेव्हा बोयांवर अ‍ॅसिटिलीन वायूचे दिवे असायचे. त्यानं एक काळा दांडा आणि त्याच्याभोवती तीन चकचकीत दांडे बसवले. दिवस उगवला की काळा दांडा जास्त ऊन पितो, जास्त तापतो, जास्त लांबतो आणि वायूची झडप दाबून बंद करतो. मावळलं की आखडतो, झडप उघडते. दिवा चमकवणारं यंत्रही त्यानंच सुधारलं. सतत जळण्याऐवजी छोट्या छोट्या चमका दिल्या तर वायू इतका वाचायचा की बोया महिनोन्महिने कुणी हात न लावता जळत राही. १९१२ चं भौतिकशास्त्राचं नोबेल त्याला याबद्दल मिळालं. त्याच वर्षी वायूच्या टाक्या तपासताना स्फोट होऊन त्याचे डोळे गेले. पारितोषिक घ्यायला त्याचा भाऊ गेला, तो डोळ्यांचा डॉक्टर होता. डालेन मात्र आंधळेपणीही पंचवीस वर्षं काम करत राहिला. लाखो लोकांना अंधारात वाट दाखवणाऱ्या माणसाच्या वाट्याला हे यावं, याचं फार वाईट वाटतं.

१२ नोव्हेंबर

पहाटे चारला उठून बघितलं आणि छातीत धस्स झालं. पश्चिमेचा बोया उत्तर सांगत होता. नऊ चमका आणि अंधार असं नाही, एकसारखा चमकत होता, थांबायचं नावच नाही.

बॅटरी घेऊन बघत बसलो. झाकणाच्या आतून दवाचे थेंब जमले होते. एलईडी चमकला की त्याचा उजेड थेंबांवरून परतून एलडीआरवर पडायचा. एलडीआरला वाटायचं, उजाडलं. तो दिवा बंद करायचा. बंद झाला की अंधार. अंधार झाला की वाटायचं, मावळलं, आणि प्रोग्राम पुन्हा पहिल्या चमकेपासून सुरू. प्रत्येक चमक पहिलीच. त्यामुळं नऊपर्यंत मोजणी कधी पोचतच नव्हती.

विझलेला दिवा परवडला. विझला तर खलाशी नकाशा बघेल, इथं दिवा असायला हवा होता म्हणेल, सावध होईल. हा दिवा मात्र ठणठणीत चालू राहून खोटं सांगत होता. पश्चिमेला उभा राहून "माझ्या उत्तरेनं जा" म्हणत होता.

दुरुस्ती दोन ठिकाणी केली. एलडीआर आता फक्त लांब अंधाराच्या शेवटच्या सेकंदाला बघतो, स्वतःचा दिवा चालू असताना कधीच नाही. आणि सलग दोन मिनिटं उजेड दिसला तरच "दिवस" मानतो. शिवाय त्याला काळ्या नळीत बसवून तोंड वर आकाशाकडे केलं. झाकणाच्या आत तांदळाची पुरचुंडी ठेवली, दव शोषायला.

१३ नोव्हेंबर

चमक किती लांब असावी हे तपासलं. एकच एलईडी, तेवढाच करंट, पण एकदा ०.१ सेकंद, एकदा ०.३, एकदा ०.५. भाचा डीपीजवळ जाऊन उभा राहिला, सहाशे मीटर तरी असेल. डोळे अंधाराला सरावावेत म्हणून आधी वीस मिनिटं मोबाइलसुद्धा बघायचा नाही, असं ठरलं होतं. फोनवर सांगायचा तर स्क्रीनचा उजेड, म्हणून शिट्टीनं उत्तर द्यायचं.

०.१ चा दिवा त्याला मंद दिसला, काही वेळा दिसलाच नाही. ०.३ चा स्पष्ट. ०.५ चा त्याहून थोडासाच बरा.

याचं सूत्र ब्लॉंडेल आणि रे या दोघा फ्रेंच माणसांनी १९११ साली दिलंय. चमकेचा वेळ भागिले तोच वेळ अधिक ०.२. तेवढ्या हिश्शानं डोळ्याला दिव्याचा उजेड जाणवतो. ०.१ सेकंदाला ०.१ भागिले ०.३, म्हणजे तिसरा हिस्सा. ०.३ ला ६० टक्के. ०.५ ला ७१ टक्के. पुढं पूर्ण सेकंद दिला तरी ८३च. म्हणजे ०.३ च्या पुढं बॅटरी जळते जास्त आणि पदरात पडतं थोडं. सळसळत्या ज्वारीच्या कडेनं शिट्ट्या येत होत्या त्या नेमक्या याच हिशेबानं येत होत्या. कागदावरचं सूत्र असं आपल्या रानात खरं ठरताना पाहिलं की अंगावर काटा येतो.

चारही दिव्यांची चमक ०.३ वर आणली. आता उजेड ०.३, अंधार ०.७, बेरीज एक सेकंद तशीच. दक्षिणेची लांब चमक मात्र दोनच सेकंद ठेवली, तिला हात लावला नाही.

१५ नोव्हेंबर, त्रिपुरी पौर्णिमा

चांदणं इतकं की दिवे फिके पडले. प्रयोग बंद. मायला घेऊन पैठणला गेलो, तिनं गोदावरीत द्रोणातून दिवा सोडला.

येताना धरणाच्या भिंतीवरून नाथसागराचं पाणी दिसलं. माय तिथल्याच एका बुडालेल्या गावची. १९७६ ला धरणाचं लोकार्पण झालं, त्याच्या आधीच त्यांना उठवलं होतं. ती पंधरा-सोळा वर्षांची होती. गाडीत ती भाच्याला सांगत होती, उन्हाळ्यात पाणी उतरलं की आमच्या चावडीच्या भिंती पाण्याच्या जरा खालीच राहतात, वरून काही दिसत नाही, आणि मासे धरणाऱ्यांच्या होड्या तिथं लागतात. कुठून जायचं हे जुन्या माणसांना ठाऊक आहे. "चावडी डाव्या हाताला ठिवायची आन् पिंपळाच्या अंगानं जायचं," म्हणाली. पिंपळही पाण्याखालीच आहे. तिच्या डोक्यात अजून उभा आहे.

भाच्यानं वहीच्या मागच्या पानावर तिच्याकडून गावाचा नकाशा काढून घेतला. चावडी, पिंपळ, मारुतीचं देऊळ, नदीचा जुना घाट. कुठल्या भिंतीला कोणता बोया लावावा लागेल हे त्यानं पेन्सिलीनं लिहिलं. चावडीच्या दक्षिणेला घाटाचं खोल पाणी, म्हणून दक्षिणेचा. माय म्हणाली, "मंग तिथं माझा हुंदक्याचा दिवा."

१६ नोव्हेंबर

भाचा उद्या निघणार. सकाळी तो म्हणाला, "मामा, शेततळ्यातले दिवे काढा, पण विहिरीला दिवा लावूनच जाऊ."

कोणता लावायचा यावर वाद झाला. मी म्हणालो चार आहेतच, चारही दिशांना लावू. तो म्हणाला, इथं दिशादर्शक नकोच. विहीर लहान, चारही बाजूंनी मोकळं रान, कुठूनही वळसा घालता येतो. अशा एकट्या धोक्याला वेगळी खूण आहे. ती थेट धोक्यावरच उभी करतात. काळ्या अंगावर लाल पट्टा, डोक्यावर एकावर एक दोन काळे गोळे, आणि पांढऱ्या दिव्याच्या दोन-दोन चमका. गोळे दोन, चमकाही दोन.

त्याचं बरोबर होतं. दारं धरणाऱ्या माणसाला नऊ मोजायला वेळ नसतो.

विहिरीवर पंपाचा पाइप अडकवायला आडवा गर्डर टाकलेला आहे. दोरानं बांधून घेऊन गर्डरच्या मधोमध सहा फुटी पाइप वेल्ड केला. खाली काळा, मध्ये लाल, वर काळा. गोळे म्हणून पाण्याच्या टाकीच्या बॉलकॉकचे दोन फुगे, काळ्या रंगात बुडवून. रंग वाळेपर्यंत भाचा ते दोन्ही हातांत धरून उन्हात उभा होता. वर पश्चिमेच्या बोयातला नॅनो आणि सेल, सोबत लहान सोलर प्लेट. नॅनोवरचा पॉवरचा लाल ठिपका उचकटून काढला, रात्रभर उगाच करंट खातो. लय अशी: अर्धा सेकंद उजेड, एक सेकंद अंधार, अर्धा सेकंद उजेड, तीन सेकंद अंधार. पाचाचं चक्र.

दिवा आहे म्हणून कठडा नको असं नाही. सध्या विहिरीभोवती बाभळीच्या काट्यांचं कुंपण घातलं. विटांची ऑर्डर दिली.

१७ नोव्हेंबर

सकाळच्या बसनं दोघं गेले. सामानात एकच बोया नेला, दक्षिणेचा. खोलीतल्या मुलांना दाखवणार म्हणे.

२० नोव्हेंबर

मतदान करून आलो. उरलेले दोन बोये शेडमध्ये एकाच वेळी चालू करून ठेवले होते, दोघांनाही पूर्वेचाच प्रोग्राम घालून. चार दिवसांत त्यांची लय एकमेकींपासून पार सुटली. प्रत्येक नॅनोचं घड्याळ किंचित वेगळं चालतं. समुद्रात एका ओळीतले बोये एकदम चमकावे असं हवं असेल तर उपग्रहाच्या वेळेवर त्यांची घड्याळं जुळवतात. भाच्याला फोनवर कळवलं.

१ डिसेंबर, अमावास्या

रात्रीची लाईट पुन्हा आमच्याकडे. साडेअकराला मोटार चालू करायला गेलो. लांबूनच विहिरीचा दिवा दिसत होता. दोन चमका, अंधार. दोन चमका, अंधार. लाल रंग दिवसा छान दिसायचा तो आता दिसत नव्हता, गोळेही नाहीत, फक्त तेवढंच.

शेजारचे काका त्यांच्या गव्हाचं पाणी मोडायला आमच्या बांधावरून आले होते. मला बघून थांबले.

"काय बसवलंय रे ते? मोबाइलचा टावर हाय का?"

मी सांगायला तोंड उघडलं तोच मागून माय म्हणाली, ती चहाची किटली घेऊन आली होती, "टावर न्हाई, भावजी. दोनदा चमकलं की तिथं विहीर हाय. कुठल्या बी अंगानं जावा, पर लांबून जावा."

काका थोडा वेळ दिव्याकडे बघत उभे राहिले. ओठ हलत होते, मोजत होते. मग बांध सोडून ढेकळांतून लांबचा वळसा घालून पलीकडं गेले आणि तिकडून हाक दिली, "माझ्या विहिरीला बी एक करून दे."

उद्या नॅनो मागवायचे आहेत. चार तरी.